बीडच्या अंगणात सालीसकट मटार

१. साल टाकायची कशासाठी?

मटाराची साल का खाता येत नाही, हा प्रश्न थंडीत शेंगा सोलायला बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येतो. प्रश्न रास्त आहे. किलोभर शेंगा सोलल्यावर हाती दाणे येतात जेमतेम चारशे ते पाचशे ग्रॅम. बाकीचे सगळे गुरांपुढे किंवा कचऱ्यात जाते. गवार, घेवडा, वाल यांच्या कोवळ्या शेंगा आपण सालीसकट शिजवतो, मग मटाराचीच साल का टाकायची? उत्तर सालीच्या आतल्या बाजूला आहे. शेंग उकलून साल मधोमध मोडली आणि हलकेच ओढली, की आतून एक पातळ, पारदर्शक, चिवट पापुद्रा सुटून येतो. साल स्वतः गोड आणि रसाळ असते. चावला जात नाही तो हा पापुद्रा. काटकसरी घरांत तो काढून सालींची भाजी करतातच, पण त्या खटाटोपात अर्धी सकाळ जाते. झाडाला मात्र हा पापुद्रा मोलाचा असतो. शेंग वाळताना पापुद्रा आणि बाहेरची साल सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे शेंगेला पीळ पडतो, ती तडकते आणि बी दूर उडते. रानातल्या मटाराला वंश पसरवायला हे हवेच होते. खाणाऱ्याला त्याची काही गरज नाही.

हा पापुद्रा असणे-नसणे मोजक्या आनुवंशिक घटकांवर ठरते आणि हे ज्ञान नवे नाही. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनोच्या मठाच्या बागेत मटाराची जी सात लक्षणे तपासली आणि ज्यांवरचा निबंध १८६६ मध्ये छापला, त्यांतले एक लक्षण शेंगेच्या आकाराचे होते: शेंग एकसारखी फुगलेली, की दाण्यांच्या मधल्या जागी दबलेली? दबलेली शेंग म्हणजे बहुधा पापुद्रा नसलेली शेंग. असे बिनपापुद्र्याचे, चपट्या शेंगांचे मटार युरोपात मेंडेल यांच्याही आधी कित्येक पिढ्या खाल्ले जात होते, पण त्यांची साल पातळ असे आणि दाणे भरू लागले की तिची गोडी जाई. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात काम करणारे पैदासकार कॅल्विन लॅम्बॉर्न यांनी जाड सालीचा एक वेगळा निपजलेला मटार आणि हा चपट्या शेंगांचा मटार यांचा संकर केला. त्यातून १९७९ मध्ये ‘शुगर स्नॅप’ हा वाण बाजारात आला. त्याची साल जाड आणि कुरकुरीत, आत पापुद्रा नाही आणि दाणे पूर्ण भरले तरी शेंग अखंड खाता येते. भारतातही अशा अखंड खायच्या मटारावर काम झाले आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘मिठी फळी’ आणि बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का अपूर्वा’ हे त्यातले वाण. या प्रकरणात या साऱ्या गटाला आपण स्नॅप मटार म्हणू.

पुढे जाण्याआधी दोन सावधगिरीच्या गोष्टी. किराणा दुकानातला वाळलेला पांढरा किंवा हिरवा वाटाणा पेरला तर उगवेल, वेलही चांगला होईल, पण त्याच्या शेंगेत पापुद्रा असेलच. खतापाण्याने तो नाहीसा होत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रोपवाटिकांत ‘स्वीट पी’ नावाची पाकिटे मिळतात. ती सुवासिक फुलांच्या शोभेच्या वेलीची असतात आणि त्या वेलीचे बी विषारी असते. नावात ‘पी’ आहे म्हणून ती भाजीच्या वाफ्यात लावू नये.

२. थंड मुलखातले पीक मराठवाड्यात कसे?

स्नॅप मटार म्हटले की पहिला आक्षेप येतो तो असा: हे हिमाचलचे, विलायतेचे पीक आहे, बीडच्या उन्हात त्याचा निभाव लागणार नाही. या आक्षेपात थोडे सत्य आहे आणि ते सत्य नेमके किती, हे पाहणे हाच या प्रकरणाचा गाभा आहे. मटाराचा उगम पश्चिम आशियातल्या त्या पट्ट्यात झाला, जिथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेतीची सुरुवात झाली. गहू, जव, मसूर, जवस आणि आपला हरभरा यांचीही शेती तिथलीच. तिथला पाऊस हिवाळी, त्यामुळे ही सगळी पिके थंडीत वाढून उन्हाळ्याच्या तोंडावर पिकणारी. आता बीड जिल्ह्याकडे पाहा. रब्बीत इथे हरभरा आणि गहू होतो आणि कोणी त्यांना परके म्हणत नाही. मटार त्यांचाच सहप्रवासी आहे. फरक एवढाच की हरभरा उष्णता आणि कोरड बऱ्यापैकी सोसतो आणि मटार कमी सोसतो. म्हणून हरभरा जिथे चार आठवडे मागेपुढे पेरला तरी काहीतरी देतो, तिथे मटाराला दोन आठवड्यांची चूकही महागात पडते. माझे म्हणणे थोडक्यात असे: बीडमध्ये स्नॅप मटाराचे यश खत, औषध किंवा महागड्या बियाण्यापेक्षा पेरणीच्या तारखेवर ठरते. ज्यांचा मटार इथे फसतो, त्यांतल्या बहुतेकांची तारीख चुकलेली असते.

महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे, आणि ते या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे वाटू शकते. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात मटार थंडीत नव्हे, खरिपात घेतला जातो. जून-जुलैत पेरणी आणि पावसाळा सरता सरता तोडणी. मग बीडमध्येही पावसाळ्यात का लावू नये? पुरंदरचे पठार बीड शहरापेक्षा बरेच उंच आहे आणि सह्याद्रीला लागून असल्यामुळे पावसाळाभर तिथे ढगांची सावली आणि गार वारा असतो. बीड पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटर, तोही खंड पडत पडत. दोन पावसांच्या मधे ऊन तापते आणि रात्रीही तापमान २१-२२ अंशांखाली सहसा उतरत नाही. रात्रीचा हा उबदारपणा मटाराला का मानवत नाही, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते.

३. दिवसाची कमाई, रात्रीचा खर्च

झाड दिवसा उन्हात साखर तयार करते हे आपण शाळेत शिकतो. रात्रीचे काम तितके लक्षात राहत नाही. झाड रात्रंदिवस श्वसन करते आणि त्या श्वसनात साखर खर्च होते. तापमान जितके जास्त तितके श्वसन जोरात. रात्र उबदार असली की दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा पहाटेपर्यंत संपतो आणि फुलांच्या, शेंगांच्या वाट्याला कमी येतो. रात्र गार असली की साखर शिल्लक राहते आणि शेंगेत उतरते. सालीसकट खायच्या मटारात तर ही शिल्लक साखर हेच सगळे वैभव आहे.

बीडमध्ये डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान साधारण २८ ते ३० अंश असते आणि पहाटेचे १२-१३ च्या आसपास. काही पहाटे ते त्याहूनही खाली जाते. दुपारचा हा आकडा मटाराच्या दृष्टीने काठावरचा आहे. तापमान ३० अंशांच्या वर राहू लागले की मटाराची फुले गळतात, शेंगेत दाणे कमी धरतात आणि जे धरतात ते घाईने पिठूळ होतात. म्हणजे भर हिवाळ्यातही बीड मटाराला दिवसा फार सवलत देत नाही. त्याला तारून नेते ती रात्र. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते आणि दिवस-रात्रीत १५-१६ अंशांचा फरक पडतो. भरपूर ऊन, म्हणजे कमाई पूर्ण. थंड रात्र, म्हणजे खर्च कमी. हा जुळून आलेला काळ मात्र छोटा आहे. तो डिसेंबरच्या सुरुवातीला येतो आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा संपता संपता मावळतो. बालाघाटाच्या माथ्यावरच्या पाटोदा, अंबाजोगाई या भागांत दिवसाचे तापमान गोदाकाठच्या गेवराई-माजलगावपेक्षा किंचित कमी असते, कारण उंची दर शंभर मीटरला अर्ध्या अंशाहून थोडे अधिक तापमान उतरवते. तिथल्या बागेला आठवडाभर जास्त मिळू शकतो. त्याहून अधिक आशा धरू नये.

४. तारीख उलटी मोजायची

लग्नघरात मुहूर्त आधी ठरतो आणि मग पत्रिका, खरेदी, किराणा हे सगळे त्या दिवसापासून मागे मोजत लावले जाते. मटाराची पेरणीही तशीच ठरवायची. इथला मुहूर्त म्हणजे फुलोऱ्याचा आणि शेंगा भरण्याचा काळ, आणि तो साधारण १५ डिसेंबर ते जानेवारीअखेर यात बसला पाहिजे. लवकर येणाऱ्या बुटक्या वाणाला पेरणीपासून पहिले फूल यायला सुमारे ४५ दिवस लागतात. १५ डिसेंबरपासून ४५ दिवस मागे गेलो की ३१ ऑक्टोबर येतो. फुलापासून खायची शेंग व्हायला आणखी १५ ते २० दिवस, म्हणजे पहिली तोडणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तिथून पुढे तीन-चार आठवडे शेंगा मिळत राहतात आणि ऊन तापायच्या आत वेलीचे काम आटोपते. हाच हिशेब उंच, उशिरा येणाऱ्या वाणाला लावून पाहा. ‘शुगर स्नॅप’चा मूळ वाण पुरुषभर उंच होतो आणि त्याला फुलायला दोन महिन्यांहून अधिक लागू शकतात. १५ डिसेंबरला फूल हवे तर तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा लागेल, आणि तेव्हा बीडमध्ये ऑक्टोबरचे कडक ऊन असते. तापलेल्या ओल्या मातीत मटाराचे बी उगवण्याआधी कुजते आणि जे उगवते त्याला मर लागते. १ नोव्हेंबरला पेरला तर फूल जानेवारीत, शेंगा जानेवारीअखेर, आणि ऐन भरात असताना फेब्रुवारीचे ऊन. म्हणजे हा वाण इथे दोन्हीकडून अडचणीत येतो.

त्यात एक गोष्ट आणखी भर घालते. उशिरा येणारे बरेचसे मटार दिवसाची लांबी ओळखतात; दिवस मोठा असेल तर लवकर फुलतात, लहान असेल तर रेंगाळतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ते वसंत ऋतूत, वाढत्या दिवसांत पेरले जातात. बीड १९ अक्षांशांच्या आसपास आहे आणि डिसेंबरात इथला दिवस अकरा तासांचा. म्हणून परदेशी पाकिटावर छापलेले दिवस इथे तसेच्या तसे धरता येत नाहीत. उशिराच्या वाणाला ते वाढवूनच धरावेत. लवकर येणाऱ्या वाणांवर दिवसाच्या लांबीचा परिणाम कमी होतो. १९८४ पासून प्रसिद्ध असलेला ‘शुगर ॲन’ हा दोन-अडीच फुटांचा बुटका वाण आहे आणि बीडसारख्या ठिकाणी त्या जातकुळीचेच वाण पाहावेत. निवडीची कसोटी सोपी आहे: पाकिटावर ‘लवकर येणारा’ आणि ‘बुटका’ असे असेल तर घ्यावा, उंची सहा फूट लिहिली असेल तर सोडून द्यावा.

‘दिवाळीला पेरा’ असा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो धोक्याचा आहे. दिवाळी चांद्र पंचांगाने येते आणि हवामान सूर्याने चालते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक. आपल्या शेतकऱ्यांची नक्षत्रे मात्र सूर्याची आहेत, त्यामुळे ती दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतात. स्वाती नक्षत्र २४ ऑक्टोबरच्या सुमारास लागते आणि ६ नोव्हेंबरच्या सुमारास संपते. स्नॅप मटाराचा पहिला वाफा स्वातीच्या उत्तरार्धात आणि दुसरा विशाखेच्या मध्यावर, म्हणजे १२ ते १५ नोव्हेंबरला पेरावा. दोन हप्त्यांत पेरण्याचे कारण विम्याचे आहे. एखाद्या वर्षी ऑक्टोबरचे ऊन लांबते, एखाद्या वर्षी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस येतो. दोन्ही वाफे एकदम फसत नाहीत. डिसेंबरात मात्र कोणी बी दिले तरी पेरू नये. रोप दिसायला छान होईल, कारण पाने-फांद्यांना त्या थंडीत काही अडत नाही. फसगत फुलांच्या वेळी होईल.

५. माती, आणि मुळांवरच्या गाठी

बीडमध्ये दोन टोकांच्या मातीशी गाठ पडते. गोदावरी-सिंदफणेच्या खोऱ्यात काळी, भारी, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी माती. डोंगरपट्ट्यात हलकी, मुरमाड. मटाराची मुळे हवेला हपापलेली असतात. काळ्या मातीत सपाट वाफा करून पाणी तुंबवले तर दोन दिवसांत मुळे गुदमरतात. म्हणून भारी मातीत वीतभर उंच गादीवाफा करावा आणि मातीत शेणखत व थोडी वाळू मिसळावी. मुरमाड मातीचा निचरा आपोआप होतो, पण तिला ओल धरता यावी म्हणून शेणखत दुप्पट लागते. चौरस मीटरला एक घमेले चांगले कुजलेले खत पुरते. कच्चे शेण घालू नये. गच्चीवर किंवा ओट्यावर लावायचे असेल तर फूटभर खोल कुंडी किंवा पिशवी घ्यावी. बी ३ ते ४ सेंटिमीटर खोल, दोन बियांत ५ ते ७ सेंटिमीटर आणि दोन ओळींत फूटभर अंतर. चौरस मीटरच्या वाफ्यात तीन ओळी आणि पंचेचाळीसच्या आसपास वेल बसतात. मटाराचे रोप उपटून दुसरीकडे लावलेले सोसत नाही, त्यामुळे बी जागेवरच पेरावे. उगवणारे कोंब पाखरे नेमके ओढतात. पहिले दहा दिवस वाफ्यावर जुनी विरळ साडी किंवा जाळी टाकावी.

आता मराठवाड्यातल्या बागेची एक खास अडचण, जी बहुतेक माहितीपुस्तिकांत सापडत नाही. मटार हे द्विदल पीक. त्याच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी येतात आणि हे जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. यावरून असे वाटते की हरभरा, तूर, सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या मातीत हे जिवाणू भरपूर असणारच. जिवाणू असतात, पण मटाराचे नसतात. प्रत्येक गटाच्या द्विदल पिकाचे जिवाणू वेगळे. हरभऱ्याच्या मुळांत घर करणारा जिवाणू मटाराच्या मुळांत शिरत नाही, सोयाबीनचाही नाही. मटाराचे जिवाणू मसूर, लाख यांच्याशी सामाईक आहेत, आणि ही पिके बीडच्या बऱ्याच मातीत कधी आलेलीच नसतात. त्यामुळे उत्तम हरभरा देणाऱ्या जमिनीतही मटार पिवळट, उपाशी राहू शकतो. उपाय स्वस्त आहे: वाटाणा किंवा मसूर असे स्पष्ट लिहिलेले जिवाणू संवर्धक आणून गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाला चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे इथे त्याची चौकशी करता येते. बी रंगीत असेल तर त्यावर बुरशीनाशक असते. अशा वेळी संवर्धक बियाला न लावता ओलसर शेणखतात मिसळून ओळीत टाकावे.

गाठी काम करतात की नाही हे घरच्या घरी तपासता येते. महिन्याच्या वेलीतला एखादा हलक्या हाताने, मातीसकट काढून मुळे धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्राचे काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद आहे. चालू असेल तर युरिया देऊ नये. आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूंना पोसणे थांबवते, पाने माजतात आणि फुले लांबतात; आपल्या तारखेच्या हिशेबात तेच नेमके नको आहे. पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर मात्र प्रश्न नत्राचा नसतो. बीडची काळी माती बहुधा चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते, तिच्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा जमिनीत सेंद्रिय खत वाढवणे हाच टिकाऊ उपाय.

६. तुराट्यांचा मांडव

मटाराच्या पानाच्या टोकाला जे बारीक तणावे असतात, ते मुळात पर्णिकाच बदलून झालेले असतात. तणावा एखाद्या वस्तूला टेकला की स्पर्श झालेल्या बाजूची वाढ मंदावते, दुसऱ्या बाजूची चालू राहते आणि तो वस्तूभोवती वळतो. चार्ल्स डार्विन यांनी चढणाऱ्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, त्यात या हालचालींची बारकाईने निरीक्षणे आहेत. माळ्याला त्यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते: तणावा आखूड असतो, तो जाड बांबूला वेढा घालू शकत नाही. पेन्सिलीहून बारीक आधार हवा. सुतळी, जाळी चालते, पण बीडमध्ये याहून चांगली वस्तू घरोघरी सरपणाच्या ढिगात पडलेली असते, ती म्हणजे तुराटी. तिच्या बारीक फांद्या तणाव्यांना हव्या तशा. पेरणीच्या दिवशीच गेल्या वर्षीच्या तुराट्या ओळीत रोवून टाकाव्यात. नंतर रोवताना मुळे तुटतात. पऱ्हाटीही तितकीच सोयीची, पण तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि म्हणूनच पऱ्हाट्या साठवू नयेत असा सल्ला कापूस उत्पादकांना दिला जातो. आसपास कापसाचे शिवार असेल तर तुराटीच बरी. बुटक्या वाणाला आधार लागत नाही असे सांगितले जाते, ते मला पटत नाही. जमिनीवर लोळणाऱ्या वेलीला हवा लागत नाही आणि शेंगा दिसत नाहीत; न दिसलेली शेंग जून होते.

७. दुष्काळी जिल्ह्यात हौसेला पाणी?

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो नजरेआड करून चालणार नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे शेंगांच्या हौसेसाठी पाणी घालावे का? आधी हिशेब करू. थंडीत चौरस मीटर वाफ्याला रोपे लहान असताना रोज सुमारे दोन लिटर पाणी लागते, वाढीच्या काळात तीन, फुलोऱ्यात आणि शेंगांत चार. पहिले २१ दिवस दोन लिटरने ४२, पुढचे २८ दिवस तीनने ८४, शेवटचे ४२ दिवस चारने १६८, एकूण २९४. म्हणजे साऱ्या हंगामाला तीनशे लिटर, दोनशे लिटरचा दीड बॅरल. आच्छादन केले तर त्याहून कमी. तुलनेसाठी, त्याच एका चौरस मीटरवरचा ऊस आपल्या आयुष्यात दीड ते अडीच हजार लिटर पाणी घेतो. आणि मटार हे पाणी मागतो नोव्हेंबर ते जानेवारीत, जेव्हा पाऊस बरा झाला असेल तर आड-विहिरींना पाणी असते. टंचाईचे महिने सुरू होण्याआधी तो संपलेला असतो. पाऊसच झाला नसेल, तर त्या वर्षी वाफा पेरू नये, हे मी स्पष्टच म्हणेन. पण बऱ्या वर्षी, भाज्या आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यावर एका कुटुंबाचा वाफा सहज निघतो.

दोन पाणी मात्र वर्ज्य. कपड्यांच्या साबणाचे पाणी सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट करते, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार गोळा झालेले असतात. मटार क्षारांना हळवा आहे. पानांच्या कडा करपू लागल्या की पाणी तपासावे. बोअरचे पाणी मचूळ असेल तर पिण्याच्या टाकीतले शिल्लक पाणी मिसळून द्यावे. ओळींच्या मधे सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट तीन-चार बोटे जाड पसरले की ओल टिकते आणि दुपारी मातीही कमी तापते. पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. फूल दिसल्यापासून एकही ताण पडू देऊ नये. त्याआधी एखादा दिवस चुकला तर वेल सावरतो, त्यानंतर फुले सावरत नाहीत.

८. भुरी

ज्या हवेमुळे शेंग गोड होते, तीच हवा भुरीलाही मानवते. बहुतेक बुरशीजन्य रोगांना पान ओले लागते. भुरीला लागत नाही. कोरडे ऊबदार दिवस आणि गार रात्री हे तिचे दिवस, म्हणून जानेवारी सरताना पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी पुटे दिसू लागतात. इथेही तारीखच पहिला उपाय ठरते, कारण वेळेवर पेरलेल्या वेलीच्या निम्म्याहून अधिक शेंगा भुरी पसरायच्या आत निघतात. पाकिटावर भुरीप्रतिकारक असे लिहिलेला वाण मिळाला तर तोच घ्यावा. सुरुवातीची पाने खुडावीत आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी असे मिश्रण आठवड्यातून एकदा उन्हात फवारावे. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ मध्ये भोपळवर्गीय पिकाच्या भुरीवर दुधाचा परिणाम दाखवून दिला. घरच्या वाफ्याला हा उपाय परवडतो. मावा आला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा. घाटेअळी हरभऱ्यामुळे आणि तुरीमुळे इथे सगळ्यांच्या ओळखीची. ती रोज हाताने वेचावी. जी शेंग कच्ची आणि सालीसकट तोंडात जाणार, तिच्यावर कीटकनाशक मारण्याचे समर्थन मला करता येत नाही.

९. तोडणी आणि पुढच्या वर्षीचे बी

शेंग गोल भरली, साल चकचकीत आहे आणि मोडली की कट्‌कन आवाज येतो, ही तोडणीची वेळ. साल निस्तेज दिसली म्हणजे एक-दोन दिवस उशीर झाला. दर दुसऱ्या दिवशी तोडणी करावी, कारण वेलीवर दाणे पक्के होऊ लागले की वेल नवी फुले कमी करतो. तोडल्यावरही शेंग जिवंतच असते आणि तिच्यातल्या साखरेचा स्टार्च होत राहतो. बाजारातला लांबून आलेला मटार या वाटेवर बराच पुढे गेलेला असतो. म्हणून सकाळी तोडलेली शेंग त्याच दिवशी खावी. दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढाव्यात. हिंग-जिऱ्याच्या फोडणीत मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे परतली की पुरे. जास्त शिजवली तर साल लिबलिबीत होते. चांगल्या वर्षी चौरस मीटरमधून किलोभर शेंगा धराव्यात. आकडा लहान वाटेल, पण त्यातले काहीच टाकून द्यावे लागत नाही.

मटाराच्या फुलात परागीभवन फूल उमलायच्या आधीच, आतल्या आत होते. त्यामुळे शेजारी साधा मटार असला तरी बियांत सहसा भेसळ होत नाही आणि संकरित नसलेल्या वाणाचे बी घरी धरता येते. इथे एक चूक टाळावी: हंगामाच्या शेवटी उरलेल्या, फेब्रुवारीच्या उन्हात भरलेल्या शेंगा बियासाठी ठेवू नयेत; ते दाणे बारीक आणि कमजोर असतात. पहिल्या बहरातच चार-पाच निरोगी वेल निवडून त्यांना सुतळी बांधावी. प्रत्येक वेलीची एक शेंग मोडून पापुद्रा नाही याची खात्री करावी, कारण पाकिटात क्वचित पापुद्र्याचे दाणे मिसळलेले असतात आणि ते ओळखायची हीच वेळ. त्या वेलींच्या बाकी शेंगा तोडू नयेत. शेंगा वाळून खुळखुळल्या की सोलून, दाणे सावलीत आठवडाभर सुकवून, कोरड्या राखेत कालवून काचेच्या बरणीत भरावेत आणि वर वाण व तारीख लिहावी. उरलेले वेल उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत. गाठींसह मुळे तिथेच कुजली की मार्चमध्ये त्या जागी गवार किंवा चवळी टाकता येते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बरणीतले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. आठवड्यात आठ किंवा अधिक मोडले तर नेहमीच्या अंतराने पेरावे, पाच ते सातच मोडले तर अंतर निम्मे करावे, त्याहून कमी मोडले तर नवे बी आणायला स्वाती संपेपर्यंत वेळ असतो.